केसीआयचे पेपर्स आणि खुब्याचा सांधा

तुंगार्लीपासून पवनानगरपर्यंतच्या बंगलेवाल्यांत एक समज पक्का रुजलेला आहे. कुत्रं जातिवंत हवं, जातिवंत म्हणजे पेपर्सवालं, आणि पेपर्स असले की ब्रीडर जबाबदार. या समजाला एक स्थानिक पुरवणीही आहे: लोणावळा थंड हवेचं ठिकाण, तेव्हा मुंबईत ज्याचे हाल होतील तो हस्की इथे मजेत राहील.

पुरवणी आधी निकालात काढू. लोणावळा समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वासहाशे मीटरवर. वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हस्कीचा दुपदरी कोट घडला सायबेरियाच्या कोरड्या थंडीत. जुलैत इथे कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. अशा दिवसांत त्याच्या शेपटीच्या मुळाशी केस बोटांनी फाकवून बघा. वरून झकास दिसणाऱ्या कोटाखाली कातडी लालभडक, चिकट आणि आंबूस वासाची झालेली सापडते. पाऊस ओसरला की कानाच्या घडीत आणि पंजांच्या बेचक्यांत गोचीड, मागोमाग गोचीडताप. एप्रिल-मेच्या दुपारींबद्दल तर बोलायलाच नको.

मुख्य पक्ष एवढा लेचापेचा नाही, म्हणून तो नीट मांडला पाहिजे. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या (केसीआयच्या) नोंदीमुळे, म्हणजेच या पेपर्समुळे, पिल्लाचे आई-बाप, आजे-पणजे कळतात. मोठेपणी ते केवढं होईल, स्वभावाने कसं निघेल, याचा अंदाज बांधता येतो. शिवाय जवळच्या नात्यातली जोडणी टाळता येते. यातली अंदाजाची गोष्ट खरी आहे आणि ‘सगळी पैदासच बंद करा’ म्हणणाऱ्यांनीही ती मान्य करावी. पिल्लू पाच किलोवर थांबणार की तीसवर जाणार, हे आधी कळण्यात घराचं आणि कुत्र्याचंही हित असतं. पण नात्यातली जोडणी टाळता येते म्हणजे ती टाळली जाते असं नव्हे. शोमध्ये एखादा नर जिंकला की गावोगावच्या माद्या त्याच्याकडेच येतात, आणि दोन-तीन पिढ्यांनी वंशावळीत त्याचं नाव आईकडूनही दिसतं, बापाकडूनही. मालक ते अभिमानाने दाखवतो! मावळातल्या जाणत्या गवळ्याला आपल्या कालवडीवर तिच्याच बापाला सोडू नये हे कळतं. त्याला आनुवंशशास्त्र कुणी शिकवलेलं नसतं.

शुद्धतेचा हट्ट कुठवर जातो ते डाल्मेशियनवरून कळेल. अंगावर काळे ठिपके असलेलं हे कुत्रं. त्याच्या लघवीत यूरिक आम्ल जास्त उतरतं आणि मूतखड्यांची टांगती तलवार राहते. दोष एका जनुकाचा, पण निरोगी जनुक जातीत उरलेलंच नव्हतं. मग निवड करणार तरी कशातून? १९७३ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट शाइबल यांनी फक्त एकदा पॉइंटर जातीशी संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडत नेल्या. दोष गेला, ठिपके राहिले. १९८१मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्यातली दोन कुत्री नोंदवलीही, पण जातीच्या अभिमान्यांनी विरोध केला आणि दार बंद झालं. ते पुन्हा उघडायला २०११ उजाडलं. त्या तीस वर्षांत क्लबच्या लेखी मूतखड्याचं कुत्रं शुद्ध होतं आणि निरोगी कुत्रं भेसळीचं.

आपल्याकडचे पेपर्सही वंशावळच सांगतात, खुब्याच्या सांध्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोर ज्या हिप डिस्प्लेशियाने, म्हणजे खुब्याच्या सांध्यातल्या दोषाने, मागच्या पायांतून जातात, तो बराचसा आनुवंशिक असतो आणि एक्स-रेत दिसतो. श्वानपैदाशीचे केंद्र सरकारचे २०१७चे नियम सांगतात की मादी दीड वर्षाची होईपर्यंत फळवायची नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचांहून जास्त नाहीत, आठ वर्षांनंतर बंद, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडरची नोंदणीही हवी. किती गिऱ्हाइकं ती मागतात? आणि हे सगळं पाळलं तरी ती किमान पायरी. कुत्र्यांचे सांधे तपासून दाखला देणारी अमेरिकेतली संस्था कुत्रं दोन वर्षांचं होईपर्यंत खुब्याचा अंतिम दाखला देतच नाही. म्हणजे कायद्यात बसूनही सांधा न तपासता पहिलं वेत काढता येतं.

‘तब्येतीसाठी मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ हा समज तर निव्वळ बाष्कळ. गर्भाशयात पू होण्याचं जीवघेणं दुखणं पिल्लं झाल्याने टळत नाही, नसबंदीने टळतं.

मग जात नकोच का? हवी, पण कामावरून पारखलेली. एनडीआरएफच्या पाचव्या बटालियनचा तळ मावळातच, सुदुंबऱ्याला आहे. या दलात ढिगाऱ्याखालचा माणूस शोधायला लॅब्राडोर असतात. तिथे नाक, धीर आणि पाय बघतात. कारवानी कुत्रंही दख्खनच्या माळावर सशामागे धावूनच घडलं.

चांगला ब्रीडर पिल्लाची आई दाखवतो, एक्स-रे दाखवतो, जमलं नाही तर कुत्रं परत घेईन असं लिहून देतो. आणि लोणावळ्याच्या गिऱ्हाइकाला विचारतो, सोमवार ते शुक्रवार कुत्र्यापाशी कोण असेल? ‘वॉचमन आहे की’ हे उत्तर ऐकून जो पिल्लू नाकारतो, त्याचे पेपर्स मी वाचायला घेईन.