पी. पी. नंबर ते आयपी अ‍ॅड्रेस

संशोधनाला लागलं की एक कोडं लवकरच पडतं. कॉलेजात सहज उघडणारा शोधनिबंध रात्री घरी उघडायला गेलं की पैसे मागतो. लॅपटॉप तोच, माणूस तोच. मग बदललं काय? आयपी अ‍ॅड्रेस. तो समजून घ्यायला आधी गिरगाव-लालबागच्या चाळींत जाऊ.

घरी फोन लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, तेव्हा लोक शेजाऱ्याचा नंबर द्यायचे आणि त्यापुढे ‘पी. पी.’ लिहायचे. फोन शेजारी वाजायचा, मग गॅलरीतून हाक यायची. म्हणजे तुम्हाला फोन येई, पण नंबर तुमचा नसे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने मुंबई, दिल्ली आणि तेव्हाच्या कलकत्ता-मद्रासमध्ये सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याआधी १९८६ पासूनच्या ‘अर्नेट’ प्रकल्पात जुहूची एनसीएसटी आणि आयआयटींसारख्या मोजक्या संस्थाच होत्या. आता घरचा मोडेम टेलिफोनच्या तारेवरून व्हीएसएनएलला फोन लावू लागला.

खाती मुख्यतः दोन प्रकारची. स्वस्त ‘शेल’ खात्यात तुमचा पीसी नुसता टर्मिनल: टायपिंग तुमचं, काम व्हीएसएनएलच्या संगणकावर. पडद्यावर फक्त अक्षरं, चित्रं नाहीत. जगाला दिसे तो पत्ताही व्हीएसएनएलचाच. थोडक्यात, पी. पी. नंबर! महागड्या ‘टीसीपी/आयपी’ खात्यात मात्र जोडणी असेपर्यंत पीसीला स्वतःचा आयपी मिळायचा. इंटरनेटवर माहिती ‘पॅकेट’ नावाच्या छोट्या तुकड्यांत जाते आणि प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. आता ही पॅकेट्स थेट घरच्या पीसीपर्यंत येऊ लागली.

पण आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच पत्ते. ते पुरेनात, म्हणून पी. पी. पद्धत परत आली. आज घरचा राउटर तो शेजारी असतो. बाहेर एकच पत्ता, आत प्रत्येक उपकरणाला खासगी पत्ता, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. बाहेरून आलेलं उत्तर कोणाचं, हे राउटर पोर्ट नंबरच्या नोंदीवरून ओळखतो. यालाच ‘नॅट’ म्हणतात.

आता आपलं कोडं. वर्गणी कॉलेजने भरलेली असते आणि प्रकाशकाकडे कॉलेजच्या पत्त्यांची यादी असते. तुम्ही कोण हे तो बघत नाही, कुठून आलात ते बघतो. कॉलेजचा व्हीपीएन लावला की तुमची पॅकेट्स कॉलेजच्या सर्व्हरमार्गे जातात, प्रकाशकाला यादीतला पत्ता दिसतो आणि दार उघडतं.

पत्ता जोडणीचा असतो, माणसाचा नाही. ऑनलाइन सर्वेक्षण करणाऱ्यांनी तर हे पक्कं ध्यानात ठेवा. ‘एकाच आयपीवरून दोन उत्तरं आली, एक काढून टाक’ असा नियम लावलात, तर एकाच वायफायवरच्या दोन बहिणींपैकी एकीचं मत गायब होईल. हॉस्टेलमध्ये तर अख्ख्या मजल्याचं. डेटा साफ करायला बसण्याआधी एकदा विचारा: या एका नंबरामागे चाळ तर नाही ना?