चित्रकथेतली राणी कुणी काढली?

मंडळी, मागच्या वेळी आपण वत्सगुल्मच्या वाकाटकांवर बोललो. आजचा विषय काहींना पोरखेळ वाटेल, वाटू द्या.

‘अमर चित्र कथा’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली असेल. १९६७ साली अनंत पै यांनी ती मुंबईत सुरू केली, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या मुलीसाठी मी वाशीमच्या बाजारातून ती पुस्तकं आणायचो. त्यातली झाशीची राणी तिनं पानं सुटेपर्यंत वाचली. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, वर्गात रोज विचारणार ‘कर्ता कोण?’ पण ही राणी लिहिली कुणी, काढली कुणी, हे पाहायचं मला सुचलं नाही. बऱ्याच वर्षांनी पाहिलं. पुस्तक १९७४ चं. लेखन माला सिंग, चित्रं हेमा जोशी. म्हणजे तलवार उपसलेली ती राणी बाईनंच लिहिली होती आणि बाईनंच काढली होती!

अमेरिकेत १९४१ साली ‘मिस फ्युरी’ काढणाऱ्या जून मिल्स यांनी ‘टार्पे मिल्स’ असं नाव लावलं, बाई आहे हे कळू नये म्हणून. आपल्याकडे नाव लपवलं नव्हतं हो. आपणच वाचलं नाही.

आता कमला चंद्रकांत. पैंच्या सहसंपादक, आणि कितीतरी अंकांच्या लेखिका. १९७२ ची ‘मीराबाई’ त्यांचीच. तिच्यावर जॉन हॉली या अमेरिकन अभ्यासकानं बोट ठेवलंय: इथली मीरा आधी घरकाम उरकते, नवऱ्याशी नीट वागते, मग कृष्णाकडे वळते. आक्षेप मला पटतो. लोकलाज सोडलेली मीरा शाळकरी मुलांच्या हाती देताना तिला सून करून टाकलं. बाईनं लिहिलं की बाईची बाजू आपोआप येते, असं मानणं भाबडेपणाचं आहे. लिहिणारीलाही गिऱ्हाईक असतं, आणि पुस्तक विकत घेणारे आपण बापलोकच होतो.

दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, मुंबईच्याच ‘संडे ऑब्झर्व्हर’मध्ये मंजुळा पद्मनाभन यांची ‘सुकी’ आली. कुरळ्या केसांची, एकटी राहणारी, स्वतःशीच वाद घालणारी. ती राणी नव्हती, संत नव्हती, कुणाची सूनही नव्हती.

आणि ‘टिंकल’मधला सुप्पंडी? तो राम वाईरकरांनी रेखाटला. त्यांच्यानंतर ते काम त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी हाती घेतलं. माझी नात तोच सुप्पंडी वाचते. परवा तिला म्हटलं, आधी नाव वाच. ती म्हणाली, “आजोबा, ते तर मी वाचलंय केव्हाच.”