बुलढाण्याचें नांव व सातपुड्यांतील निहाल

महोत्सवाच्या या स्मरणिकेंत आपल्या भूमीविषयीं चार शब्द लिहावे, अशा हेतूनें आम्ही तिच्या नांवापासूनच आरंभ करितों. बुलढाणा हें 'भिल्लठाणा' या शब्दाचें रूप होय, असें परंपरेनें सांगतात. म्हणजे ज्या जिल्ह्याची ओळख जिजाऊंच्या सिंदखेडराजावरून, लोणारच्या सरोवरावरून व खामगांवच्या कापसावरून पटते, त्याच्या नांवांत मात्र भिल्ल बसलेला आहे! याउलट १७२४ सालीं निजामुल्मुल्कानें मुबारिजखानावर जय मिळवून साखरखेर्ड्यास फत्तेखेर्डा हें नांव दिलें. परंतु लोकांच्या जिभेवर साखरखेर्डाच टिकलें.

उत्तरेस सातपुडा, मध्यें पूर्णेकांठचा काळ्या मातीचा पायनघाट व दक्षिणेस बालाघाट, अशी या जिल्ह्याची रचना आहे. बुलढाणें शहर सातपुड्यापासून दूर, बालाघाटाच्या माथ्यावर वसलेलें आहे. तेव्हां परंपरा खरी असेल, तर भिल्लांचा वास पूर्वीं पुष्कळ पसरलेला असला पाहिजे. डोंगर हा कोणाच्या रक्ताचा गुण नव्हे. काळी जमीन नांगराच्या व राजसत्तेच्या हातीं गेली, म्हणून डोंगर कांहींच्या वांट्यास आला, असें आम्हांस वाटतें.

या डोंगरवासीयांत कोरकू व निहाल हे विशेष होत. कोरकू भाषा मुंडा कुलांतील. तिच्या बहिणी दूर छोटानागपुरांत बोलल्या जातात. त्यांपैकीं मुंडारीचा विस्तृत कोश येशूसंघीय फादर हॉफमन यांनीं रचिला, हें आपल्यापैकीं कित्येकांस ठाऊक असेल. निहालांच्या भाषेस मात्र जगांत एकहि बहीण सांपडलेली नाहीं. १९०६ सालच्या सरकारी भाषापाहणीनें तिला मुंडा प्रकरणांत घातलें. १९१६ सालीं रसेल व हिरालाल यांनीं निहाल म्हणजे भिल्ल व कोरकू यांचें मिश्रण असावें, असें लिहिलें. पुढें १९६२ सालीं डच पंडित कायपर यांनीं दाखविलें कीं, कोरकू, मराठी व द्राविडी शब्द वेगळे केले तरी सुमारें चतुर्थांश शब्द असे उरतात, ज्यांचें मूळ कोठेंच लागत नाहीं. दोन, तीन व चार हे अंकसुद्धां तिनें द्राविडी भाषांतून घेतले आहेत. ज्यांस मिश्रण म्हणून बाजूस सारिलें, ते कदाचित् या भूमीचे अतिप्राचीन रहिवासी असतील!

ही भाषा बोलणारे आज सुमारें दोन ते अडीच हजार असून, ते मुख्यतः जळगांव-जामोद तालुक्यांत, जामोद, सोनबर्डी इत्यादि गांवीं राहतात. ते स्वतःस 'कल्टो' म्हणवितात. परंतु अनुसूचित जमातींच्या यादींत निहाल हें नांव कोरकूंच्याच नोंदींत येतें.

१९५६ सालीं भाषेच्या तत्त्वावर प्रांतरचना झाली, तेव्हां वऱ्हाडाबरोबर हा जिल्हा मराठी म्हणून मुंबई राज्यांत आला, व १९६० सालीं महाराष्ट्रांत. आम्हां मराठी बोलणारांचें त्यांत हितच झालें. सातपुड्यावरून गेलेल्या त्या सीमेनें कोरकू मात्र दोन राज्यांत वांटले गेले. पलीकडे शाळा हिंदी, अलीकडे मराठी. निहालीस तर स्वतःची लिपिहि नाहीं. निहाल मनुष्य शेजाऱ्याशीं कोरकूंत, बाजारांत मराठींत बोलतो, आणि आपली भाषा घरीं.