घरातले पाळणाघर आणि शहराचा परवाना: कॅलिफोर्नियाचा अनुभव

तुमच्या शेजारची एखादी स्त्री स्वतःच्या राहत्या घरात दहा-बारा मुले सांभाळू लागली, तर तिला परवानगी कोणी द्यायची? राज्य सरकारने, शहराने, की शेजाऱ्यांनी? प्रश्न किरकोळ वाटेल. पण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तो सुटायला जवळजवळ चार दशके लागली. स्थानिक संस्थेचा अधिकार कोठे सुरू होतो आणि कोठे थांबतो, हे समजून घेण्यासाठी हे उदाहरण उपयोगी आहे.

शहरांचा अधिकार कोठून आला?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील शहरे झपाट्याने वाढत होती. कारखाने, दुकाने आणि घरे यांची सरमिसळ टाळण्यासाठी शहरांनी जमिनीचे वापरानुसार विभाग पाडले. याला झोनिंग म्हणतात. १९१६ मध्ये बर्कली शहराने केवळ एककुटुंबी घरांसाठी राखीव विभागाची तरतूद केली. १९२६ मध्ये ओहायो राज्यातील युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग घटनेला धरून असल्याचा निकाल दिला. निवासी विभागात व्यवसाय नको, ही कल्पना त्यामुळे पक्की झाली. मग घरातले पाळणाघर हे घर मानायचे की व्यवसाय?

गरज कशी वाढली?

दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियातील रिचमंडच्या जहाजबांधणी कारखान्यांत हजारो स्त्रिया कामाला लागल्या. त्यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या पैशातून पाळणाघरे उघडली. १९४६ मध्ये तो पैसा बंद झाला. कॅलिफोर्नियाने आपली केंद्रे चालू ठेवली खरी, पण पुढे नोकरी करणाऱ्या मातांची संख्या वाढत गेली आणि केंद्रे अपुरी पडली. अनेक मुले कोणाच्या तरी घरीच सांभाळली जाऊ लागली.

दोन परवाने

१९८०च्या दशकात राज्याच्या कायद्याने भूमिका घेतली की अशी पाळणाघरे नेहमीच्या निवासी वस्तीतच असावीत, म्हणजे मुलांना घरासारखे वातावरण मिळेल. मुलांच्या सुरक्षिततेचा परवाना राज्याच्या समाजसेवा विभागाकडे राहिला. जागेच्या वापराबाबत मात्र कायद्याने दोन गट केले. सहापर्यंत मुले असलेले लहान पाळणाघर हा घराचा निवासी वापरच मानला गेला. तेथे शहराला वेगळा परवाना मागता येईना. बारापर्यंत मुले असलेल्या मोठ्या पाळणाघराला शहर सरसकट बंदी घालू शकत नव्हते, पण वाहनतळ, रहदारी, गोंगाट आणि दोन पाळणाघरांमधील अंतर यांबाबत वाजवी अटी घालून परवाना मागू शकत होते. अशा अर्जाची सूचना १०० फुटांच्या परिसरातील मालमत्ताधारकांना द्यावी लागे, आणि कोणी मागणी केल्यास सुनावणी होई. पुढे या मर्यादा काही अटींवर ८ आणि १४ मुलांपर्यंत वाढल्या.

आता याचा परिणाम पाहा. राज्याने घराची तपासणी करून परवाना दिला, तरी शहराचा दुसरा परवाना बाकी राहू शकत होता. शुल्क आणि अटी शहरागणिक वेगळ्या. पाळणाघर चालवणाऱ्या स्त्रीची कमाई बेताची. तिच्यासाठी अर्जाचा खर्च आणि सुनावणीची वाट पाहणे हाच मोठा अडथळा. शेजाऱ्यांचीही बाजू होती: सकाळी एकाच वेळी येणाऱ्या गाड्या आणि अंगणातला कलकलाट त्यांनाच सोसावा लागे.

२०१९ चा बदल

२०१९ मध्ये सिनेटर नॅन्सी स्किनर यांनी मांडलेले विधेयक क्रमांक २३४ मंजूर झाले आणि १ जानेवारी २०२० पासून लागू झाले. त्याने मोठे पाळणाघरही निवासी वापरच ठरवले. शहराला त्यासाठी झोनिंगचा परवाना, व्यवसाय परवाना किंवा त्याचे शुल्क मागता येणार नाही.

म्हणजे शहराचा अधिकार संपला का? नाही. इमारतीची उंची, हद्दीपासून सोडायचे अंतर यांसारखे जे नियम तशाच प्रकारच्या इतर सर्व घरांना लागू आहेत, ते पाळणाघरालाही लागू राहतात. मोठ्या पाळणाघराला आगीपासून सुरक्षिततेची मंजुरीही लागतेच.

यातून काय घ्यावे?

अभियांत्रिकी शिकताना आपण कोणत्याही अटीला एक प्रश्न विचारतो: ही अट नेमका कोणता धोका टाळते? कॅलिफोर्नियाने हाच प्रश्न परवान्याला विचारला. आगीची अट मुलाचा जीव वाचवते, म्हणून ती राहिली. केवळ पाळणाघर आहे म्हणून मागितलेला जादा परवाना मात्र गेला. त्याबरोबर शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकण्याची एक जागाही गेली, ही या बदलाची किंमत आहे.

विचारासाठी प्रश्न

१. रहदारी आणि गोंगाटाची तक्रार परवान्याआधी ऐकावी, की त्रास झाल्यावर सर्व घरांच्या समान नियमाने?

२. तुमच्या गावातील एखादा परवाना निवडा. त्यातील कोणती अट सुरक्षिततेची आणि कोणती केवळ सोयीची, हे वेगळे करून लिहा.