वेडाचे मूळ पोटात

काकतीपासून निपाणीपर्यंतच्या गावांत एखादा तरुण पोरगा एकाएकी असंबद्ध बोलू लागला, की म्हातारी माणसे हळूच म्हणतात, "कुणीतरी खायला घातलंय." करणीचा भाग सोडून देऊ; पण मनाचा आजार पोटातून येतो हा तर्क फार जुना आहे. चरकसंहितेने उन्मादाच्या कारणांत विरुद्ध, दूषित आणि अशुचि भोजन मोजले. फ्रान्सच्या फिलिप पिनेल या मनोविकारवैद्याने १८०१च्या ग्रंथात उन्मादाचे मूळ स्थान जठर-आतड्यांच्या परिसरात मानले.

पुढे जंतूंचा शोध लागला आणि या जुन्या संशयाला आरोपी मिळाला. जंतुशास्त्रज्ञ मेचनिकॉफने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले, की मोठ्या आतड्यातले जंतू विष तयार करतात आणि दह्यातले जंतू त्यांना आवरतात. १९१०मध्ये लंडनच्या बेथलेम इस्पितळातील फिलिप्सने उदासीनतेच्या १८ रुग्णांना असे जंतू देऊन पाहिले. ११ बरे झाले, असे त्याने लिहिले. येथवर सारे निरुपद्रवी होते. पण अमेरिकेत ट्रेंटनच्या वेड्यांच्या इस्पितळातील डॉ. हेन्री कॉटनने वेड घालवण्यासाठी रुग्णांचे दात उपटले आणि मोठी आतडी कापून काढली. त्याच्याच आकड्यांनुसार आतड्याच्या शस्त्रक्रियेत शंभरातले तीसेक रुग्ण दगावले. फिलिस ग्रीनएकर या डॉक्टरबाईंनी त्याचे दावे तपासून खोडले, तर त्यांचा अहवालच दाबला गेला! त्यानंतर या विषयाचे नाव बराच काळ कुणी काढले नाही, यात नवल नाही.

२००४मध्ये जपानी संशोधकांनी जंतुविरहित उंदीर ताणाला अधिक तीव्र प्रतिसाद देतात हे दाखवले आणि वाट पुन्हा उघडली. २०१८च्या फिनलंडमधील अभ्यासात पहिल्यांदाच मनोविकृतीचा झटका आलेल्या २८ रुग्णांत लॅक्टोबॅसिलस गटातले, म्हणजे दह्यातल्या जंतूंच्या जातकुळीचे, जंतू जास्त आढळले, आणि त्यांचे प्रमाण लक्षणांच्या तीव्रतेशी जुळत होते. म्हणजे मेचनिकॉफचे तारणहारच इथे संशयित! तरी सोबत दिसणे म्हणजे कारण असणे नव्हे. रुग्णाचा आहार बदलतो, औषधे सुरू होतात, तंबाखू वाढते. आणि तंबाखूचे निपाणीकरांना वेगळे सांगायला नको. शिवाय पुण्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला जंतूंचे प्राबल्य नोंदवले आहे. त्यामुळे युरोपचे निष्कर्ष भाकरी खाणाऱ्या पोटावर जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत.

म्हणून दह्याची वाटी जेवणात असू द्या, पण तिला औषध समजू नका. घरात कुणाला आवाज ऐकू येऊ लागले, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा; टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे.