अतिरिक्त निवृत्तिवेतन

१७. अतिरिक्त निवृत्तिवेतन : वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनावर मिळणारी वाढ. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्राने ८० व्या वर्षापासून २०, ८५ पासून ३०, ९० पासून ४०, ९५ पासून ५० व शंभरीनंतर १०० टक्के असे दर ठरवले. महाराष्ट्रानेही आपल्या निवृत्तांना पुढे अशी वाढ लागू केली. कुटुंबनिवृत्तिवेतनावरही ती मिळते, मात्र हयात जोडीदाराच्या स्वतःच्या वयानुसार. म्हणून पेण-रोह्यातल्या निवृत्त तलाठ्याने नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना निवृत्तिवेतनाच्या आदेशपत्रावर पत्नीची जन्मतारीख नोंदली आहे ना, हेही पाहून घ्यावे. ती नोंद नसेल, तर त्याच्यामागे ऐंशी उलटलेल्या बाईला हक्काच्या पैशासाठी हेलपाटे घालावे लागतात.