मधला मजला पाडणारा डेटाबेस : काउचॲपचा उदयास्त

१/८ वेब-ॲपचे सहसा तीन मजले असतात : तळाशी डेटाबेस, मधे सर्व्हरवरील प्रोग्राम, वर ब्राउझर. २००८ च्या सुमारास काही प्रोग्रामरांनी मधला मजलाच पाडून पाहिला. त्या प्रयोगाचा, म्हणजे काउचॲपचा, हा इतिहास.

२/८ त्याची मुळे १९८९ च्या लोटस नोट्समध्ये आहेत. तेथे माहिती स्वतंत्र दस्तऐवजांत साठवली जाई आणि फॉर्म व सूची यांची रचनाही त्याच फाइलमध्ये असे. एका कचेरीतील प्रत दुसऱ्या कचेरीशी जुळवली की माहितीसोबत ॲपही पोहोचे. जोडणी तुटली तरी काम थांबत नसे.

३/८ नोट्सवर काम केलेले डेमियन कॅट्झ यांनी २००५ साली काउचडीबी घडवायला घेतला. आरंभ सी++ मध्ये झाला. पुढे एरिक्सनमध्ये टेलिफोन यंत्रणांसाठी जन्मलेली एर्लांग भाषा स्वीकारली गेली. २००८ मध्ये प्रकल्प अपाचे फाउंडेशनकडे आला.

४/८ हा डेटाबेस थेट एचटीटीपीवर, म्हणजे ब्राउझरच्याच भाषेत बोलत असे. त्यातील ‘डिझाइन डॉक्युमेंट’ला एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टच्या फाइली जोडता येत. ब्राउझरने पत्ता उघडला की डेटाबेसच पान हाती ठेवी.

५/८ खरा प्रश्न मालकीचा होता. प्रतिकृती घेणाऱ्याच्या यंत्रावर माहिती आणि ॲप दोन्ही उतरत. संहिता वाचता येई, बदलताही येई. वापरकर्ता कोणा एका मध्यवर्ती सर्व्हरचा आश्रित राहत नसे.

६/८ मग अडले कुठे? वाचनाची परवानगी संपूर्ण डेटाबेसला लागू होई, एकेका दस्तऐवजाला नव्हे. खासगी नोंदींसाठी प्रत्येकाला वेगळा डेटाबेस द्यावा लागे. ईमेल पाठवणे, गुप्त किल्ल्या जपणे यांसाठी बाहेरचा प्रोग्राम हवाच असे. पाडलेला मजला अशा रीतीने मागच्या दाराने परतला.

७/८ जावास्क्रिप्ट पॅकेजांचे भांडार, एनपीएम, आरंभी काउचॲपच होते. भार वाढल्यावर नोव्हेंबर २०१३ मध्ये ते वारंवार कोलमडले. पुढे पॅकेजांच्या फाइली डेटाबेसबाहेर हलवल्या गेल्या. २०२० च्या काउचडीबी ३.० ने तर पाने रचणारी फंक्शनेच कालबाह्य ठरवली.

८/८ प्रतिकृतीची कल्पना मात्र टिकली. पाउचडीबीने दिशा उलटी केली : ॲप डेटाबेसमध्ये ठेवण्याऐवजी डेटाबेसच ब्राउझरमध्ये नेला. नेटवर्क नसताना नोंदी तेथे साचतात आणि जोडणी होताच काउचडीबीशी जुळतात. १९८९ मध्ये नोट्सने कचेऱ्यांसाठी जे साधले, तेच येथे एकट्या वापरकर्त्याच्या हाती आले.